स्टेजवर जमणारा ठेका रेकॉर्डिंगमध्ये का बिघडतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही कोल्हापूर-सांगली भागात काही वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम आणि ऑक्टापॅड (काडीने वाजवायचं आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) वाजवताय. गणपती, नवरात्र आणि लग्नसराईत हातांना उसंत नसते. आता पुण्यातल्या एका नव्या बँडने ८ गाण्यांच्या अल्बमसाठी बोलावलंय आणि स्टुडिओचे २ दिवस ठरलेत. चाचणी म्हणून एक गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा क्लिकवर, म्हणजे हेडफोनमध्ये लय दाखवणाऱ्या टुकटुकीवर, हात अडखळले. नंतर ऐकलं तर “किक कुठे गेली कळत नाही, नुसते सिम्बल ऐकू येतात, आणि ठेका ओढूनताणून वाजवल्यासारखा वाटतो.” म्हणून सराव काय करू, सेट कुठला नेऊ, पैसे गाण्यामागे मागू की दिवसाचे आणि त्याच आठवड्यातल्या ३ सुपाऱ्या (ठरलेले शो) सोडू का, असं विचारलंय.

मी मुंबईत बरीच वर्षं हेच काम करतो, संध्याकाळी शो आणि दिवसा रेकॉर्डिंग. तुम्ही क्लिकला दोष देताय, पण तुमच्याच वाक्यात खरा रोग लिहिलेला आहे: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) गायब आणि सिम्बल (धातूच्या थाळ्या) डोक्यावर. हा लयीचा प्रश्न नाही, तोलाचा आहे. तुमच्या चार हातापायांचा आपसातला आवाज बिघडलेला आहे, आणि तो स्टेजवर कधीच उघडा पडत नाही. क्लिकचंही बघू, पण ते दुसऱ्या नंबरवर.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. बँड सगळा एकत्र वाजवून रेकॉर्ड करणार आहे की आधी ड्रम आणि मग एकेक वाद्य, हे मला माहीत नाही. गाणी रॉकच्या अंगाची असतील तर एक हिशोब, भावगीताच्या अंगाची असतील तर दुसरा. ज्या स्टुडिओत जाताय तिथल्या माणसाने याआधी खरा ड्रमसेट रेकॉर्ड केलाय का, हेही विचारून घ्या. आजकाल पुष्कळ ठिकाणी ड्रम संगणकावरच लावतात. गाणं आणि डबिंग उत्तम करणाऱ्या स्टुडिओलाही ड्रमसेटचा सराव असेलच असं नाही. यावरून एक गोष्ट मात्र नक्की धरा. ड्रम फुकटात प्रोग्रॅम करता येत असताना जो बँड तुम्हाला पैसे देऊन बोलावतो, त्याला माणसाचा हात हवाय. तिथे मशीन व्हायला जाऊ नका.

आता तोल. ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर काय होतं बघा. किकमध्ये एक माइक, स्नेअरला (मांड्यांसमोरचा कडक आवाजाचा ड्रम) एक, जमलं तर टॉमना (बाकीचे घुमणारे ड्रम). सिम्बलना बहुतेक वेळा माइक नसतोच, कारण ते गायकाच्या माइकमधून आपोआप शिरतात. किक आणि स्नेअर किती ऐकू यावेत हे साउंडवाला ठरवतो. तुम्ही हाय-हॅट (पायाने मिटणारी सिम्बलची जोडी) कितीही झोडला तरी समोरच्या खुर्चीतल्या माणसाला किक छातीत जाणवते, कारण ती स्पीकरच्या भिंतीतून येतेय. म्हणजे तुमचा तोल दुसरा माणूस सांभाळतोय आणि श्रेय तुम्हाला मिळतंय. मजेचा भाग आहे, पण सवय वाईट लागते.

ऑक्टापॅडने ही सवय आणखी पक्की होते. रोलँडचा पहिला ऑक्टापॅड १९८५ साली आला आणि महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांत त्याने जे घर केलं ते आजतागायत. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही, माझंही पोट त्याने भरलंय. पण आपल्याकडे बरेच जण त्याची सेन्सिटिव्हिटी अशी लावतात की हळू मारा किंवा जोरात, आवाज जवळपास तोच यावा, कारण मैदानात बारीकसारीक फरक ऐकतोय कोण! प्रत्येक पॅडचा आवाज पॅचमध्ये, म्हणजे मशीनमध्ये साठवलेल्या मांडणीत, आधीच बसवलेला. वर्षानुवर्षं असं वाजवलं की हाताला एक समज बसते: आपण फक्त वेळेवर मारायचं, आवाज मशीन बघेल. खऱ्या सेटवर तसं चालत नाही. तिथे स्नेअरच्या मधोमध मारलं आणि दोन बोटं बाजूला मारलं तर दोन वेगळी वाद्यं वाजल्यासारखं होतं.

स्टुडिओत ड्रमच्या आवाजाचा मोठा भाग डोक्यावरच्या २ माइकमधून येतो, ज्यांना ओव्हरहेड म्हणतात. त्यांना अख्खा सेट एकत्र ऐकू येतो, तुम्ही जसा वाजवाल तसा. हाय-हॅट जोरात असेल तर तो ओव्हरहेडमध्ये येतो आणि स्नेअरच्या माइकमध्येही घुसतो. मग मिक्स करताना स्नेअरला जरा धार आणायला वरच्या फ्रिक्वेन्सी वाढवल्या की हाय-हॅटही तेवढाच वर येतो. स्नेअर वाढवावा तर हॅट वाढतो, हॅट दाबावा तर स्नेअर मरतो. इंजिनिअर कितीही हुशार असला तरी इथे त्याचे हात बांधलेले असतात. तुमच्या चाचणी रेकॉर्डिंगचं हेच झालं असणार.

उपाय साधा आहे, पण रोज करायला हवा. फोन सेटच्या समोर २ मीटरवर, साधारण छातीच्या उंचीला ठेवा. साधा ठेका ४-५ मिनिटं वाजवा, रोल (ओळीच्या शेवटी ड्रमवर घेतलेली भर) नाही, क्रॅश (ठसक्यासाठी मारायचा मोठा सिम्बल) नाही. मग इअरफोन लावून ऐका आणि विचारा: सगळ्यात आधी काय ऐकू येतंय? किक आणि स्नेअर पुढे, हॅट त्यांच्या मागे, असा क्रम लागेपर्यंत हात बदलत राहा. फोनचा माइक खालचे सूर नीट पकडत नाही, त्यामुळे किकचा थोडा फायदा तुम्ही धरून चाला. पण त्या फोनवरही किकचा ठोका कळायला लागला तर समजा अर्धं काम झालं. हॅट काडीच्या मानेने न झोडता टोकाने वाजवा. हॅटचा स्टँड थोडा वर घ्या, म्हणजे स्नेअर मारताना जागा मिळते आणि स्नेअरच्या माइकपासून हॅट लांब जातो. क्रॅशवर काडी घुसवू नका, ओझरती पुसून न्या. स्नेअर मात्र प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच उंचीवरून. किक मारताना बीटर (पेडलची हातोडी) कातड्यावर दाबून धरता की सुटू देता, हे एकदा ठरवा आणि गाणंभर तेच ठेवा. अर्धे ठोके दाबलेले आणि अर्धे सुटलेले असतील तर ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण ठेका लंगडतोय एवढं कळतं.

इथे थोडा इतिहास सांगायचा मोह होतोय. हिंदी सिनेमाची गाणी जेव्हा ताडदेवच्या फिल्म सेंटरला किंवा महालक्ष्मीच्या फेमसला सगळा ताफा एकत्र बसवून व्हायची, तेव्हा माइक मोजके असत. कुठलं वाद्य किती ऐकू येणार हे वादक माइकपासून किती लांब बसलाय आणि किती जोरात वाजवतोय यावर ठरायचं. एकाची चूक म्हणजे सगळ्यांचा पुन्हा टेक. सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या अरेंजर मंडळींनी लिहिलेलं नोटेशन समोर ठेवून वाजवायचं. बुजी लॉर्ड, लेस्ली गोडिन्हो, फ्रँको वाझ ही ड्रमर मंडळी त्या शिस्तीत वाजवायची. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतला ड्रम नीट ऐका. किती जोरकस वाटतो! पण गायकाच्या शब्दावर कधी चढत नाही. त्या काळात ‘मिक्समध्ये बघू’ म्हणायची सोयच नव्हती, त्यामुळे मिक्स हातातच करावा लागे. आज सोय आहे, तरी ज्याच्या हातात मिक्स आहे त्यालाच पुन्हा फोन येतो.

आता क्लिक. स्टेजवर लय हलते आणि हललीच पाहिजे. अंतरा रंगला की आपण नकळत पुढे सरकतो, टाळ्या सुरू झाल्या की आणखी थोडे. रोलमध्ये तर सगळेच धावतात. वर स्टेजवर ऐकण्याचीच गडबड असते. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. बेस गिटारचा अॅम्प तुमच्यापासून ६ मीटर लांब असेल तर त्याचा सूर तुमच्या कानावर सुमारे १७ मिलिसेकंद उशिरा येतो. त्या उशिरासकट जुळवून घ्यायला तुमचे कान शिकलेत. हेडफोनमध्ये सगळं एकदम कानाशी येतं, म्हणून सुरुवातीला आपला हात कुठेतरी पुढे-मागे पडतोय असं वाटतं. यात तुमच्या लयीचा दोष कमी आणि नवखेपणाचा जास्त आहे.

मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा भाग १६७ चा. त्यात १५-२० मिलिसेकंदांचा फरक पडला की क्लिक आणि स्नेअर असे दोन ठोके वेगवेगळे ऐकू येतात. बरोबर क्लिकवर पडलात तर क्लिक ऐकूच येत नाही, तो तुमच्या ठोक्याखाली गिळला जातो. नवीन माणूस नेमका तिथेच घाबरतो. क्लिक गेला कुठे म्हणून तो शोधायला जातो आणि लय सुटते. क्लिक ऐकू न येणं हीच चांगली बातमी आहे, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं अडखळणं थांबतं.

सरावासाठी क्लिक कमी करत जा. आधी चारही मात्रांवर, मग फक्त दुसऱ्या आणि चौथ्यावर, मग आवर्तनातून एकदाच, शेवटी एक आवर्तन क्लिक आणि एक आवर्तन शांतता. शांततेनंतर क्लिक परत येतो तेव्हा तुम्ही कुठे आहात, ते तुम्हाला खरं काय ते सांगेल. तुमचा बहुतेक झुकाव पुढे पळण्याकडे असेल, ऑर्केस्ट्रावाल्यांचा असतोच. रेकॉर्डिंगच्या दिवशी ‘टुक टुक’ क्लिकऐवजी शेकरचा किंवा ढोलकीचा साधा लूप मागून घ्या. आपल्याकडच्या वादकाला केरव्याच्या चालीत झुलणारी लय पटकन अंगात भिनते, आणि हेडफोनमधून गळून माइकमध्ये शिरली तरी ती क्लिकइतकी खुपत नाही.

लय कुठली ठेवायची हा प्रश्न बँडवर सोडून मोकळे होऊ नका. घरी बसून ठरवलेली लय थंड निघते, शोनंतरच्या उत्साहात ठरवलेली पळते. गायकाला सगळे शब्द म्हणायला लावा, नुसतं ‘ला ला’ नको. मराठीत जोडाक्षरं भरपूर, आणि दोन-तीन अंकांनी लय वाढली की ती पहिली चिरडली जातात. गायक कुठे श्वास घेतोय ते बघा. बँडने ही गाणी आधी कुठे वाजवली असतील तर फोनवरची ती रेकॉर्डिंग मागवून लय मोजा. मुखडा ९२ आणि अंतरा ९३ असं निघालं तर क्लिकही तसाच बांधता येतो, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असावा असा काही कायदा नाही. हेडफोनमध्ये स्वतःचा ठोका उशिरा येतोय असं वाटलं तर मात्र लगेच सांगा. इंजिनिअर बफर, म्हणजे संगणक आवाज पुढे देण्याआधी साठवून ठेवतो तो तुकडा, कमी करेल. १२८ सॅम्पलचा बफर ४८ किलोहर्ट्झला जेमतेम ३ मिलिसेकंदांचा असतो, १०२४ चा २१ च्या पुढे जातो, आणि त्यावर कोणीच नीट वाजवू शकत नाही.

तयारीत सगळ्यात मोठा बदल इथे आहे. ऑर्केस्ट्रात आपण जी गाणी वाजवतो ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून असतात. आपण मूळ पीस आठवण करून दिला की टाळी. इथे मूळ काही नाही. तुम्ही वाजवाल तेच मूळ. त्यामुळे प्रत्येक गाण्याचा एक पानी आराखडा करा: सुरुवातीची ८ आवर्तनं, मुखडा, एम-वन (मधलं पहिलं संगीत), अंतरा, साइन लाइन (मुखड्यावर परत आणणारी ओळ), पुन्हा मुखडा. प्रत्येकापुढे आवर्तनांचा आकडा. नोटेशन येत नसेल तर आपल्या खुणांनी लिहा, काही बिघडत नाही. बाजूला गाण्याचे शब्द लिहा. हे कोणी करत नाही, पण माझा सगळ्यात जास्त आग्रह याचाच आहे.

कारण रोल. स्टेजवर ओळ संपली की रोल, मुखड्यावर यायचं तर रोल, गायक पाणी प्यायला वळला तरी रोल. तिथे ते शोभतं, कारण लोक एकदाच ऐकतात आणि डोळ्यांनी ऐकतात. अल्बम तोच माणूस गाडीत, कामावर, रात्री पुन्हा पुन्हा ऐकणार. पहिल्यांदा भारी वाटलेला रोल दहाव्या वेळी नको होतो. माझा आडाखा असा की गाण्याचा भाग बदलतो तिथेच रोल घ्यायचा, आणि तोही ओळीच्या शेवटच्या अक्षरावर चढवायचा नाही. गायकाचं अक्षर पुरतं विरलं की मग जागा आपली. शब्द समोर असतील तर ती जागा दिसते. एखाद्या कडव्यात सगळा जीव एका शब्दात असेल, तर त्याआधी किकसुद्धा सोडून बघा. बँडला विचारा, बहुतेक वेळा त्यांचे चेहरेच उत्तर देतात.

सेटबद्दल. स्टुडिओत बरा सेट असेल तर तुमचे ड्रम ओढत नेऊ नका. मात्र स्नेअर, सिम्बल, किकचं पेडल आणि बसायचं स्टूल स्वतःचं न्या. हात आणि पाय ज्यांना सरळ ओळखतात अशा याच गोष्टी आहेत. स्नेअर शक्य झालं तर २ न्या, एक १४ बाय ५ किंवा साडेपाच इंचांचा आणि एक खोल. मित्राचा उसना चालेल. स्नेअर आणि टॉमची वरची कातडी रेकॉर्डिंगच्या २ दिवस आधी बदला. त्याच सकाळी बदलली तर ती दिवसभर उतरत राहतात. एकेरी, कोटिंगवालं कातडं बहुतेक गाण्यांना चालतं. ऑर्केस्ट्रात आपण टॉमवर जी चिकटपट्ट्यांची गर्दी करतो ती काढून टाका. सेट मोकळा वाजू द्या, मग हवं तिथे मूनजेलचा (घुमारा दाबणारं चिकट जेल) एक तुकडा. पेडल आणि स्टूलला तेल घाला. स्टेजवर कधी ऐकू न आलेली कुरकुर शांत गाण्यात पहिल्या आवर्तनालाच ऐकू येते.

गाण्याची पट्टी विचारून ठेवा. ड्रम सुरात लावत नाहीत असं म्हणतात, पण स्नेअरचा घुमारा षड्जाच्या अगदी जवळ पण जरासा खाली लागला की हळव्या गाण्यात कानाला टोचतो. चावी पाव फिरवून तो बाजूला काढता येतो. फ्लोअर टॉम बेसच्या एखाद्या सुराला गुरगुरत असेल तर त्याचा एक स्क्रू ढिला करून बघा. बँडमध्ये तबला किंवा ढोलकी असेल तर एसी किती ठेवायचा हे त्या वादकाला विचारा. आपली प्लॅस्टिकची कातडी दिवसभर तग धरतात, त्याची पुडी तासाभरात चढते-उतरते.

माइक लावणं इंजिनिअरचं काम, त्यात नाक खुपसू नये. पण दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर आहेत का, हे एक केबल धरून मोजायला सुचवायला हरकत नाही. अंतर वेगळं असेल तर स्नेअरचा आवाज दोन माइकमध्ये दोन वेगळ्या क्षणी पोचतो आणि मधून पोकळ होतो. छत खालचं असेल तर सेटच्या वर जाड गादीसारखं काहीतरी बांधलेलं बरं. बाकी किक, स्नेअर आणि २ ओव्हरहेड एवढ्या चारांवर उत्तम अल्बम होतात. स्नेअरला शुअर कंपनीचा एसएम५७ माइक जगभर चालतो, तो जवळपास प्रत्येक स्टुडिओत असतोच.

दोन दिवसांत ८ गाणी जमतील, पण पहिल्या दिवसाचे ३-४ तास आवाज लावण्यात जाणार हे बँडला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुपारी बारा वाजता सगळ्यांचे चेहरे उतरतात. गाण्यांचा क्रम अल्बमप्रमाणे नको, स्नेअरप्रमाणे लावा. एका स्नेअरची सगळी गाणी संपवा, मग दुसरा. पहिलं गाणं मध्यम लयीचं आणि सोपं घ्या. जोरकस गाणी हात मोकळे झाल्यावर, जेवणाआधी. जेवण हलकं. भरपेट मिसळ खाऊन बसलेला ड्रमर कधीच क्लिकच्या पुढे जात नाही, तेवढाच काय तो फायदा.

गायकाचा कच्चा आवाज हेडफोनमध्ये हवाच. नुसत्या गिटार आणि क्लिकवर वाजवाल तर शब्दांसाठी जागा सोडणार कशी? प्रत्येक गाण्याचे २-३ पूर्ण टेक द्या, मग थांबून आत जाऊन ऐका. पाचव्या-सहाव्या टेकला चुका कमी होतात हे खरं, पण अंगही आवळलं जातं. मधला भाग बदलायचा असेल तर एक आवर्तन आधीपासून वाजवत या आणि त्याआधीचा क्रॅशही तसाच मारा, म्हणजे सिम्बलची मागची आस जुळते आणि जोड कळत नाही. इंजिनिअर “सगळं ग्रीडवर बसवून टाकू” म्हणाला तर हसून सांगा, फक्त जिथे खटकतंय तिथेच हलवा. सगळे ठोके सरळ रेषेत आणले तर तुम्हाला बोलावलं कशासाठी? निघण्याआधी मात्र प्रत्येक ड्रमचे हळू, मध्यम आणि जोरात असे सुटे ठोके रेकॉर्ड करून द्या. दहा मिनिटांचं काम आहे. नंतर एखादा स्नेअर कमी पडला तर तिथे तुमचाच स्नेअर लावता येतो, कुठल्यातरी परक्या सेटचा नाही.

वागण्याविषयी एवढंच. दुसरे बोलत असताना सेट बडवत बसू नका. सूचना एकदा द्या, मानली नाही तर सोडून द्या, गाणं त्यांचं आहे. संगीत करणारा तोंडाने “धम् चक् ता-धम्” असं सांगत असेल तर तसंच्या तसं वाजवायला जाण्याऐवजी त्याला त्यातलं काय हवंय ते पकडा. बहुतेक वेळा त्याला रिकामी जागा दाखवायची असते.

पैसे. सुपारीला ‘नाइट’, म्हणजे एका रात्रीची रक्कम, ठरलेली असते, गाडीभाडं आणि जेवण वेगळं, आणि रात्री हिशोब संपतो. अल्बमचा हिशोब लांबतो. नवा बँड असेल तर मी दिवसाचे पैसे सांगतो, कारण नव्या लोकांचे निर्णय स्टुडिओतच बदलतात आणि गाण्यामागे ठरलं असेल तर एकाच गाण्यात तुमची संध्याकाळ जाते. गाणी पक्की झालेली आणि लोक अनुभवी असतील तर गाण्यामागे परवडतं. तालमीचे पैसे वेगळे बोला, थोडे का होईनात. नंतर पुन्हा वाजवायला बोलावलं तर किती, तेही. अर्धे आगाऊ. हे सगळं गोड भाषेत ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. संस्थेने १० टक्के टीडीएस कापला तर रिटर्न भरताना तो हिशोबात धरता येतो. त्यासाठी पॅन द्या आणि कापलेला कर तुमच्या नावावर जमा दिसतोय का ते तपासा.

नाव आणि हक्क यांचंही आधीच बोला. स्ट्रीमिंगवर गाणं चढवताना ड्रमर म्हणून तुमचं नाव माहितीत भरलं जाईल, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. एकदा चढवल्यावर बदलायचा कंटाळा सगळेच करतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीत कलाकारांचा वाटा मान्य केलाय, आणि गायक-वादकांसाठी इसामरा ही संस्था काम करते. म्हणून ‘सगळे हक्क कायमचे दिले’ अशा कागदावर सही करण्याआधी कोणा जाणकाराला दाखवा. ठेका बसवला म्हणून आपण संगीतकार ठरत नाही, तशी अपेक्षा ठेवू नका. पण गाण्याची धून तुमच्यामुळे निघाली असेल तर तो विषय रेकॉर्डिंगआधीच काढा.

राहिल्या ३ सुपाऱ्या. तिन्ही सोडायची गरज नाही. रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्रीची मात्र सोडा, आणि कारण थकवा एवढंच नाही. मोठ्या आवाजात ३-४ तास वाजवल्यावर कान तात्पुरते बधिर होतात आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला हॅट आणि सिम्बल मंद वाटतील, तुम्ही ते जोरात माराल आणि आपण जिथून सुरुवात केली तोच घोटाळा होईल. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद करायचा नियम असला तरी सामान उतरवून, गाडी भरून घरी पोचायला दीड-दोन वाजतातच. नवरात्रात बारापर्यंत सूट असलेल्या रात्री तर विचारूच नका. दोन दिवस आधीची सुपारी करा, पण इअरप्लग घालून. रेकॉर्डिंगनंतरची बिनधास्त करा.

जी सोडाल तिला बदली तुम्हीच द्या. ऑर्केस्ट्राच्या मालकाला स्वतः फोन करा, बदली वाजवणाऱ्याला गाण्यांची यादी, पट्ट्या आणि साइन लाइनच्या खुणा पाठवा, आणि ऑक्टापॅडचे पॅच त्याच्याकडे आहेत का ते विचारा. त्या मालकाशी तुमचं पुढची दहा वर्षं काम पडणार आहे. स्नेअर कुठला आहे, किती इंची, लाकडी की धातूचा, आणि गाणी कुठल्या अंगाची आहेत हे कळवलंत तर कातडं आणि काड्या कुठल्या घ्यायच्या ते नेमकं सांगतो.